स्टॉक (कंपनीच्या मूळ) सिलिंडर हेडवर मोठा परफॉर्मन्स कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला तर पॉवर वाढेल का?

नुसता मोठा कॅम टाकून काही होत नाही, आधी हेडचे फ्लो बेंचचे (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे बघ. समजा पोर्टचा (हेडमधल्या हवेच्या वाटेचा) फ्लो ०.५०० इंच लिफ्टलाच (व्हॉल्व्ह जितका उचलला जातो ते अंतर) वाढायचा थांबतोय तर ०.६०० चा कॅम घेऊन फारसं हाती काही लागत नाही, उलट स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह गाइड लवकर झिजतात. एक्झॉस्टचा फ्लो इनटेकच्या साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर एक्झॉस्टला थोडं जास्त ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) असलेला कॅम बरा पडतो. आणि हो, ड्युरेशन वाढलं की इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, म्हणजे सिलिंडरमधला दाब घटतो आणि आधीच कॉम्प्रेशन कमी असलेलं इंजिन खालच्या आरपीएमला अगदी मेल्यासारखं चालतं, लोक इथेच फसतात. स्प्रिंगचं कॉइल बाइंड (दाबल्यावर वेटोळी एकमेकांना टेकणं) आणि पिस्टन-व्हॉल्व्ह क्लिअरन्स (दोघांमधलं अंतर) मोजल्याशिवाय इंजिन परत जोडून टाकू नको.