ठाण्यात पुनर्विकासातली इमारत ‘इको-निवास संहिते’प्रमाणे आहे का, हे सोसायटीने कसं तपासावं?

बिल्डर म्हणतो संहिता (घरांच्या इमारतींसाठीचे केंद्र सरकारचे ऊर्जाबचतीचे नियम) पाळलीय, आणि बाहेरच्या भिंती मात्र मायवन शटरिंगच्या, म्हणजे अखंड काँक्रीटच्या, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी भिंतीच तपासा.

2018च्या संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची, म्हणजे आरईटीव्हीची, मर्यादा दर चौ.मी.ला 15 वॉट आहे. आपल्या उष्ण-दमट हवेसाठी गुणक असे: भिंत 5.15, काचेतलं वहन 1.31, काचेतून येणारं ऊन 65.21. खिडक्या बाहेरच्या भिंतीच्या 15 टक्के आणि दिशेचा गुणक (भिंत कुठल्या दिशेला आहे त्याचा) ढोबळमानाने 1 धरा. 150 मिमी काँक्रीटची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण 3.5 असते. 5.15 × 0.85 × 3.5 = 15.3. खिडक्या मोजायच्या आधीच मर्यादा ओलांडली! 200 मिमी एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकला (यू-व्हॅल्यू 0.8) हाच भिंतीचा आकडा 3.5 येतो. साध्या काचेचे (एसएचजीसी, म्हणजे उन्हाच्या उष्णतेतला काचेतून आत येणारा वाटा, 0.8) साधारण 9 मिळवले तरी साडेबाराच. म्हणून नुसता दाखला घेऊ नका, काँक्रीट किती चौ.मी. आणि ब्लॉक किती, हे मोजमाप मागा.

दुसरी फसगत खिडक्यांत होते. उघडणारं क्षेत्र कार्पेटच्या किमान 16.66 टक्के हवं, म्हणजे 60 चौ.मी.च्या घराला 10 चौ.मी. दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते. दीड बाय दीड मीटरची खिडकी 2.25 नव्हे, 1.13 चौ.मी. धरायची. बिजागरीची 90 टक्के धरतात. बाल्कनीचं दार चालतं, जिन्याकडचं नाही.

गच्चीची यू-व्हॅल्यू 1.2 च्या आत हवी. वॉटरप्रूफिंगवर 40 मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या फोमच्या पाट्या) आणि वर स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) घातलं की ती 0.7 च्या आसपास येते. वरच्या मजल्यावरच्यांनी हे सोडूच नये.

इंग्लंडमध्ये जून 2022 पासून लागू झालेल्या नियमांत प्रत्येक नव्या घराची हवाबंदपणाची चाचणी आणि बांधकामाचे फोटो सक्तीचे आहेत. आपली घरं वाऱ्यावर चालतात, तेव्हा ती चाचणी राहू द्या, पण फोटोंची अट विकास करारनाम्यात घालाच: प्लास्टरआधी भिंत, स्क्रीडआधी एक्सपीएस, मजला आणि तारखेसह. काच बसण्याआधी मालाच्या चलानावरचा एसएचजीसी नकाशाशी ताडून पाहा. नकाशात 0.4 ची काच आणि साइटवर साधी, हा बदल एकदा फ्रेम बंद झाली की नुसत्या डोळ्यांनी पकडणं अवघड.