गॅस न पेटवता: फळं आणि चीज

ताई, शनिवारी माझ्याकडे भिशी आहे, वीस जणी. मी ऑफिसातून सहाला घरी, बायका सातला हजर. गॅसपाशी उभं राहायचं नाही, आणि काडीला द्राक्ष-चीज टोचून आता कंटाळा आलाय. दुसरं काय करू? (पुणे)

कंटाळ्याचा दोष बिचाऱ्या द्राक्षाला देऊ नका. बहुतेक घरी चीजचा तुकडा द्राक्षाहून मोठा असतो, गडबड तिथे आहे. आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज खारट आणि जड. ते फळाच्या निम्मंच हवं. 200 ग्रॅमच्या पाकिटात 25 ग्रॅमचे आठ क्यूब येतात. प्रत्येक क्यूब आडवा, उभा आणि मधून असा तीनदा कापला की आठ तुकडे होतात, म्हणजे एका पाकिटाचे 64. वीस जणींना तीन-तीन काड्या, वरचे चार तुमच्या चाखायला. चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या ओल्या सुरीने कापा, मऊ पडलं की सुरी सोडत नाही.

फळ म्हणाल तर मी पेरू घेईन. पिवळा पडलेला, पण बोटाने दाबल्यावर न दबणारा. मधला बियांचा गर काढा (तो दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत जाईल) आणि कडेच्या गराचे चौकोन करा. वर लाल तिखट आणि लिंबाचे चार थेंब, बस. मीठ घालू नका, ते चीजमध्ये भरपूर आहे.

पेरू-चीज ही जोडी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि मिनास भागातलं पांढरं ताजं चीज एकावर एक ठेवून खातात, आणि या जोडीचं नाव चक्क रोमिओ-ज्युलिएट! पोर्तुगीजांचा हात तिथेही आणि इथेही, कारण गोव्यात हीच वडी पेराद म्हणून नाताळात घरोघरी होते. कुणी गोव्याहून येणार असेल तर सांगून ठेवा. पेरादचा पातळ काप, खाली ताज्या पनीरचा तुकडा, की पेरू चिरायचंही काम वाचलं.

जिकडेतिकडे कलिंगड आणि फेटा चीजचे फोटो दिसतात. आमच्याकडे फेटा फक्त डोक्याला बांधायचा मिळतो. पनीर घातलं तर चालेल? (लातूर)

चालेल, पण पाकिटातून काढलेलं तसंच घालाल तर कलिंगडात खडू चावल्यासारखं लागेल. पनीर अळणी असतं. फेट्याची सगळी मजा त्याच्या खारट-आंबटपणात आहे, कारण तो मिठाच्या पाण्यात मुरवतात. मग आपणही तेच करायचं. अर्धा लिटर पिण्याच्या पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा, एका लिंबाचा रस पिळा, त्यात पाव किलो पनीरचे तुकडे बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी निथळून स्वच्छ फडक्याने टिपून घ्या.

हा खरा फेटा नव्हे, हे कबूल. तो मेंढीच्या दुधाचा, फार तर 30 टक्क्यांपर्यंत शेळीचं दूध मिसळलेला. युरोपात 2002 पासून ग्रीसबाहेरच्या चीजला ते नाव लावायलाही बंदी आहे. पण कलिंगडाला हवा असतो खारटपणा, तो तुमच्या पनीरनेही मिळतो.

एक मात्र सांभाळा. कलिंगडात 90 टक्क्यांहून जास्त पाणी, आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं. फोडी आधी करून चाळणीत निथळत ठेवा, पनीर, हाताने तोडलेला पुदिना आणि मिरपूड मात्र पाहुणे चपला काढत असतानाच घाला. आधी कालवून ठेवलेलं कलिंगड मी एकदा वाढलं होतं. ते चमच्याने प्यावं लागलं.

किवी आणि पनीरच्या काड्या सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवल्या. संध्याकाळी कडू लागल्या. पनीर खराब होतं का? (ठाणे)

पनीर चांगलंच असणार, कडूपणा किवीचा. तिच्यात अ‍ॅक्टिनिडिन आणि ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं. दोन्ही दुधातली प्रथिनं तोडतात आणि त्या तुकड्यांची चव कडवट लागते. जितका वेळ जाईल तितकी कडू. डब्यातल्या अननसाने असं होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो. किवी हवीच असेल तर वाढताना टोचा. थंडीच्या दिवसांत तर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असताना किवीच्या मागे का लागायचं, हे मला कळत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी. नाशपतीबरोबर पार्मेझान छान लागतं असं वाचून तुकडा आणला, आता शेजारीण म्हणते ते शाकाहारी नाही. (डोंबिवली)

शेजारीण बरोबर सांगतेय. इटलीचं अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणाऱ्या एन्झाइमने) विरजतात, तसा त्यांचा नियमच आहे. वेष्टनावर हिरवा ठिपका बघूनच घ्या. मोठ्या चक्रातून कापून देतात तेव्हा ठिपका दिसत नाही, अशा वेळी दुकानदाराला रेनेट कुठलं ते विचारायला लाजू नका. हिरव्या ठिपक्याचं चेडार नाशपतीबरोबर छान जातं.

सफरचंदाच्या फोडी काळ्या पडतात. लिंबू लावलं की आंबट होतात. (सांगली)

वाटीभर पाण्यात पाव चमचा मीठ, त्यात पाच मिनिटं फोडी, मग निथळा.

ताट किती वेळ बाहेर चालेल? (नागपूर)

दोन तास. पण तुमच्या मे महिन्यात एक तास, तोही पंख्याखाली. एकदम सगळं मांडू नका, अर्धं फ्रिजमध्ये ठेवा.

हापूसबरोबर कोणतं चीज जाईल? (चिपळूण)

कोणतंच नाही. आंबा-चीज करायचंच असेल तर तोतापुरी आणा. घट्ट असते, जराशी आंबट असते, काडीवर टिकते. हापूस वेगळ्या ताटलीत, चीज संपल्यावर.