तिसरा नंबर म्हणजे शिक्षा का?

प्रश्न: दादा, आमच्या जुळे सोलापुरात रात्री मोबाईलवर फुटबॉल बघणारी चारपाच पोरं आहेत, त्यात माझा धाकटा भाऊ पक्का हॅम्बुर्गवाला. तो म्हणतो जर्मनीच्या सेकंड लीगमध्ये तिसरं येणं म्हणजे शिक्षाच. असं कसं ओ?

उत्तर: भाऊ बरोबर बोलतोय. १८ टीम, ३४ मॅच, पहिले दोन डायरेक्ट वर, पण तिसऱ्याला बुंडेसलिगातल्या, म्हणजे वरच्या लीगमधल्या, १६व्या टीमशी दोन मॅच खेळाव्या लागतात आणि तिथं बहुतेकदा वरचाच टिकतो. २०२४ ला तिसऱ्या आलेल्या ड्युसेलडॉर्फने वरच्या बोखुमला त्यांच्याच मैदानावर ३-० मारलं, मग घरच्या मैदानावर तेवढंच खाल्लं आणि पेनल्टीत गेलं सगळं.

हॅम्बुर्गचं तर विचारूच नका. २०२३ ला शेवटच्या दिवशी हे आपली मॅच जिंकले, वर गेलो समजून पब्लिक मैदानात घुसून नाचायला लागली, आणि तिकडं रेगेन्सबुर्गमध्ये ०-२ ने मागे पडलेल्या हायडेनहाइमने आधी एक आणि मग इंज्युरी टाइममध्ये दोन गोल टाकून ३-२ केलं, वर गेले ते पण चॅम्पियन होऊन! हॅम्बुर्ग तिसरं, मग वरच्या लीगमधल्या श्टुटगार्टकडून दोन्ही मॅच हरलं. २०१८ ला खाली आलेली टीम, सुटली एकदाची २०२५ ला, दुसरा नंबर काढून. एवढी वर्षं टीम बदलली नाही म्हणून भावाला आधी एक चहा पाजा.