यूसी सॅन डिएगोला पीएचडीसाठी येताना

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो शाखेबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: पैसे, राहणं, आणि या विद्यापीठाचा शहराशी काही संबंध आहे का.

आधी पैसे. ऑफर लेटरमध्ये शिक्षण शुल्काशिवाय ‘नॉनरेसिडेंट’ शुल्क, म्हणजे कॅलिफोर्नियाचे रहिवासी नसलेल्यांना पडणारं जादा शुल्क, कोण भरणार, हे विभागाकडून लेखी घ्या. ही रक्कम वर्षाला सुमारे १५ हजार डॉलर असते. अमेरिकन विद्यार्थी वर्षभरात कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरू शकतात, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ते होत नाही. कँडिडसी परीक्षा पास होऊन पीएचडीचे ‘कँडिडेट’ झालात, म्हणजे फक्त प्रबंध उरला, की हे शुल्क माफ होतं, पण जास्तीत जास्त तीन वर्षं. प्रबंध रखडला तर ते पुन्हा लागू होतं, म्हणून कँडिडसी परीक्षेची वेळ गाइडशी बोलून ठरवा.

शिकवणं क्वार्टरमध्ये चालतं, दहा आठवडे आणि मग परीक्षा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मिडटर्म येते. एक आठवडा आजारपणात गेला तरी भरून काढणं जड जातं.

विद्यापीठ ज्या भागात आहे तो ला होया महाग आहे. विद्यापीठाच्या घरांसाठी प्रतीक्षायादी असते, प्रवेश पक्का होताच नाव घाला. बाहेर घर घ्यायचं तर ट्रॉलीची (शहरातल्या हलक्या रेल्वेची) ब्लू लाइन धरून शोधा. २०२१ पासून ती थेट कॅम्पसमध्ये येते. मीरा मेसा या उपनगराला ट्रॉली नाही, बसवर अवलंबून राहावं लागतं. डिपॉझिट सहसा एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, छोट्या घरमालकांना दोन महिन्यांची मुभा आहे. घर कुणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

आणि शहराशी संबंध? माझ्या मते या विद्यापीठाची खरी श्रीमंती तिथेच आहे. विद्यापीठ १९६० चं, पण त्याच्या मुळाशी असलेली स्क्रिप्स ही समुद्रविज्ञान संस्था १९०३ ची. तिच्या धक्क्यावर समुद्राच्या पाण्याचं तापमान १९१६ पासून रोज नोंदवलं जातंय. तिच्या तरंगत्या बोयांवरचे लाटांचे आकडे सगळ्यांना खुले असतात. सर्फिंगला जाणारे ते पाहतात, बंदरात जहाजं आणणारेही. कॅम्पसवरच प्रॉइस (Preuss) स्कूल आहे, सहावी ते बारावीची. कमी उत्पन्नाच्या घरातली, आईवडील पदवीधर नसलेली मुलं तिथे शिकतात आणि विद्यापीठाचे विद्यार्थी त्यांना शिकवायला जातात. पहिलं क्वार्टर संपलं की तिथे जरूर चौकशी करा.

ब्लू लाइनचं दुसरं टोक सॅन यसिद्रो, म्हणजे मेक्सिकोची हद्द. पासपोर्ट आणि प्रवासाची सही असलेला आय-२० (विद्यापीठ देतं तो व्हिसासाठीचा फॉर्म) जवळ नसेल तर ती ओलांडू नका.