डावी बाजू नसलेलं यान

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

'स्टार ट्रेक'च्या पहिल्या मालिकेतलं 'एंटरप्राइझ' हे अंतराळयान करायला घेतलंस, १:३५० मापाचं किट आणलंस, आत दिवे बसवायचेत आणि रंग कोणता द्यायचा असं विचारलंस. रंगाकडे येतोच, पण डबा उघडण्याआधी एक ठरव: कोणत्या दिवसाचं यान करायचं?

चित्रणासाठी केलेलं स्टुडिओतलं अकरा फुटी मॉडेल २९ डिसेंबर १९६४ रोजी तयार होऊन आलं. त्यानंतर मालिका सुरू होईपर्यंत त्यात दोनदा फेरफार झाले. पहिल्या पायलटच्या (मालिकेआधी केलेल्या नमुना भागाच्या) वेळी आत दिवे नव्हते. दोन्ही इंजिनांच्या तोंडाशी भरीव घुमट होते आणि त्यातून टोकदार सळई पुढे आलेली होती. ब्रिजचा, म्हणजे वरच्या नियंत्रण कक्षाचा, घुमट उंच होता, पुढची अँटेनासारखी डिश मोठी होती. दुसऱ्या पायलटला खिडक्या उजळल्या. मालिकेसाठी घुमट अर्धपारदर्शक झाले, त्यांच्या आत फिरता उजेड आला, इंजिनांच्या नळ्यांच्या मागच्या टोकांना गोळे बसले, ब्रिजचा घुमट आणि डिश दोन्ही लहान झाली. पैसे वाचवायला जुन्या पायलटमधली दृश्यं मालिकेत पुन्हापुन्हा वापरली. त्यामुळे एकाच भागात सळईवालं यान आणि लुकलुकणारं यान आलटून पालटून दिसतं. चित्रं उतरवून घेताना ही सरमिसळ हमखास होते. प्रत्येक चित्राखाली 'पहिलं', 'दुसरं', 'मालिका' असं लिहून तीन गठ्ठे कर, आणि काम फक्त एका गठ्ठ्यावरून कर.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. मूळ मॉडेलला नीट पूर्ण केलेली डावी बाजूच नव्हती. दिव्यांच्या तारा डाव्या अंगातून बाहेर काढल्या होत्या, म्हणून चित्रण उजवीकडून व्हायचं. डावी बाजू हवीच असेल तर उजवीकडे उलटी अक्षरं चिकटवून चित्रण करायचं आणि फिल्म उलटवायची. तेव्हा डाव्या बाजूचा जो तपशील तुझ्या किटमध्ये आहे तो उजवीवरून बेतलेला आहे. त्यात काही वाईट नाही, फक्त त्यावरून वाद घालू नकोस.

आकाराविषयी. कला-दिग्दर्शक मॅट जेफ्रीज यांचा आराखडा पक्का झाल्यावर रिचर्ड डेटिन यांनी आधी ३३ इंची लहान मॉडेल केलं. (ते बरीच वर्षं बेपत्ता होतं आणि २०२४ मध्ये मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या कुटुंबाकडे परत आलं.) मग मोठं झालं: लाकूड, साच्यावर ओढलेलं प्लास्टिक आणि इंजिनांसाठी गुंडाळलेला पत्रा. एवढं मोठं का? मॉडेल लहान असलं की कॅमेरा फार जवळ न्यावा लागतो, मग बशीची (यानाच्या पुढच्या गोल चकतीची) कड स्पष्ट आणि इंजिन धूसर अशी गत होते, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. यान जागेवर उभं असायचं, बहुतेक वेळा कॅमेराच रुळांवरून त्याच्याकडे सरकायचा. ९४७ फुटांचं यान १:३५० मापात सुमारे साडेब्याऐंशी सेंटिमीटर होतं, म्हणजे तुझं किट जवळजवळ त्या ३३ इंची मॉडेलएवढंच. फोटो काढताना हे लक्षात ठेव: लेन्सचं छिद्र बारीक, वेळ जास्त, कॅमेरा तिकाटण्यावर.

आता दिवे. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं.

उजेड प्लास्टिकमधून झिरपतो आणि सगळी बशी कंदिलासारखी दिसायला लागते. म्हणून आतून आधी काळा रंग, दोन हात, आणि त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आत पसरवतो. सांध्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लाव. बंद करण्याआधी अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून बघ. बशीच्या कडेचा सांधा नेहमी फसवतो.

खिडक्यांचे पारदर्शक तुकडे फेव्हिक्विकने चिकटवू नकोस. त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरी धुरकट साय धरते आणि ती निघत नाही. साधा फेव्हिकॉल पुरतो. सगळ्या खिडक्या उजळायच्याही नाहीत. पडद्यावर काही उजळ, काही काळ्या दिसतात, आणि त्या अंधाऱ्या खिडक्यांमुळेच यान मोठं वाटतं.

जोडणीचा हिशेब असा. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, तीन पांढरे एलईडी एकापुढे एक. प्रत्येकी ३.१ व्होल्ट धरले तर ९.३ गेले, उरले २.७. प्रवाह १५ मिलिअँपिअर ठेवायचा तर रेझिस्टर १८० ओहमचा. अशा वीस माळा लावल्यास ३०० मिलिअँपिअर लागतील, १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आरामात पुरेल. प्रत्येक माळेला स्वतंत्र रेझिस्टर दे. एकाच रेझिस्टरवर सगळ्या माळा टांगल्या तर एखादी जास्त प्रवाह ओढते, आधी ती जाते आणि मग बाकीच्या.

इंजिनांच्या घुमटात मूळ युक्ती साधी होती: मागे रंगीत लहान दिवे आणि आरशाचे तुकडे, त्यांच्यापुढे मोटरवर फिरणारी पाती, आणि बाहेर दुधी घुमट. आज एकामागोमाग एलईडी पेटवणारी तयार सर्किटं मिळतात. मला ती पटत नाहीत. उजेड उड्या मारतो, वाहत नाही. एन-२० ही छोटी गिअर मोटर इंजिनाच्या नळीत सहज मावते. मिनिटाला साठ फेऱ्यांपासून सुरू कर आणि पडद्यावरचं दृश्य शेजारी लावून वेग जुळव. मोटरखाली फोम घाल, नाहीतर पोकळ नळी ढोलासारखी घुमते. आणि घुमट चिकटवू नकोस, नुसता दाबून बसव. मोटर कधीतरी बंद पडणार, तेव्हा ती बाहेर काढता आली पाहिजे.

मोटर आणि तारांचं वजन इंजिनात गेलं की ती पेलणारे बारीक धारक खाली झुकतात. हा त्या रचनेचाच दोष आहे, मूळ मॉडेललाही तो भोवला. जेफ्रीज यांना एवढ्या ताकदीची इंजिनं माणसांपासून लांब हवी होती, म्हणून ती अशी दूर टांगलेली. धारक बंद करण्याआधी प्रत्येकात पितळी पट्टी किंवा नळी घाल, एराल्डाइटने पक्की कर आणि पुठ्ठ्याचा कोनमापक कापून त्यावर रात्रभर टेकवून ठेव. तारा नळीतूनच ने.

रंग. टीव्हीवर यान कधी पांढरं, कधी निळसर दिसतं, कारण चित्रणात मागे लावलेल्या निळ्या पडद्याची झाक त्याच्यावर पडायची. खरा रंग हिरवट छटेचा फिकट करडा आहे. स्मिथसोनियनच्या वायू व अंतराळ संग्रहालयाने २०१४ ते २०१६ मध्ये मॉडेल दुरुस्त केलं, तेव्हा बशीच्या वरच्या बाजूचा साठच्या दशकातला रंग अजून शाबूत होता. १९९१च्या दुरुस्तीनंतरचे फोटो रंगासाठी घेऊ नकोस. त्यात पत्र्यांचे सांधे गडद करून दाखवलेत. मूळ बशीवर फक्त पेन्सिलच्या अस्पष्ट रेघा होत्या. दुरुस्ती आतूनच करता यावी म्हणून यंत्रं आत आणि बाहेर गुळगुळीत, असा जेफ्रीज यांचा आग्रह होता. 'स्पेस: १९९९' मालिकेतल्या 'ईगल' यानावर किटचे तुकडे चिकटवलेले चालतात, पितळी नळ्यांच्या सांगाड्यात चूक लपते. इथे मात्र एक ओरखडाही दिसतो. म्हणून ४००, ६००, मग १००० नंबरचा पॉलिशपेपर, पाण्यात बुडवून. आणि स्प्रे पावसाळ्यात मारू नकोस, दमट हवेत लॅकरवर पांढरी साय येते.

शटल 'गॅलिलिओ', म्हणजे यानातून ग्रहावर उतरायचं छोटं वाहन, सोबत करायचं म्हणतोस. ते बाहेरून आणि आतून एकमेकांत बसत नाही. बाहेरचा ढाचा लहान आहे, आणि आतल्या सेटवर माणसं ताठ उभी राहतात. तो ढाचाही एएमटी या किट कंपनीने किटच्या हक्कांच्या बदल्यात करून दिला म्हणून झाला. त्याआधीच्या एका भागात माणसं ग्रहावर गारठत बसतात आणि शटलचं कुणी नावही काढत नाही. एकतर दार बंद ठेव, नाहीतर आतलं लहान करून घे.

अक्षरं सगळ्यात शेवटी. यानाच्या क्रमांकातले १७०१ हे आकडे लांबून वाचता यावेत म्हणून निवडलेत. ३, ६, ८ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात म्हणून जेफ्रीज यांनी ते टाळले. म्हणून डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील अक्षर) तिरपं बसलं तर चटकन नजरेत येतं. आधी चकचकीत लॅकरचा हात, मग डीकल, मग मॅट. आणि डीकलं पाण्यात टाकण्याआधी डावी बाजू पूर्ण करणार की स्टुडिओतल्यासारखी कोरी ठेवणार, ते मला कळव.

तुझा,
काका