दुसरी नोकरी कुठे मिळेल ते बघ

चि. सौभाग्यकांक्षिणी म्हटलं की तू चिडतेस, म्हणून नुसतंच चिरंजीव.

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. इंटरव्ह्यू छान झाला, ऑफर येईलसं वाटतंय, हे वाचून बरं वाटलं. "कोलंबस जोरात वाढतंय म्हणतात, मग काळजी नको ना?" असं विचारलंयस. आमचं हे ओहायोतलं कोलंबस वाढतंय, त्यात वाद नाही. पण त्या वाढीतलं तुझ्या कामाचं किती, ते जरा उकलून बघू.

आधी लोकसंख्या. १९५० साली क्लीव्हलँडची वस्ती ९ लाख १४ हजार होती, सिनसिनाटीची ५ लाख आणि कोलंबसची पावणेचार. २०२० च्या जनगणनेत क्लीव्हलँड पावणेचार लाखांच्याही खाली, सिनसिनाटी ३ लाख ९ हजारांवर आणि कोलंबस ९ लाख ५ हजारांवर. एकाच राज्यातली तीन शहरं! इथली मंडळी हे आकडे फार अभिमानाने सांगतात. त्यातली मेख मात्र कुणी सांगत नाही. पन्नासच्या दशकात इथे सेन्सेनब्रेनर नावाचे महापौर होते. शहराचं पाणी आणि ड्रेनेज हवं असेल तर आधी शहराच्या हद्दीत या, असं त्यांनी धोरण ठेवलं. पाण्यावाचून प्लॉट विकले जाणार कसे? त्यामुळे भोवतालची शेतं एकेक करून हद्दीत आली आणि चाळीसेक चौरस मैलांचं शहर सव्वादोनशेच्या घरात गेलं. क्लीव्हलँडला उपनगरांनी आधीच कोंडून टाकलं होतं, त्याला असं पसरायला जागाच नव्हती.

म्हणून कुठल्याही शहराचा आकडा बघताना हद्दीतला नको, मेट्रोचा, म्हणजे शहर आणि भोवतालची उपनगरं मिळूनचा बघ. २०१० ते २०२० मध्ये कोलंबस मेट्रो साधारण १२ टक्क्यांनी वाढून २१ लाखांवर गेली. अख्खं ओहायो राज्य त्याच काळात जेमतेम सव्वादोन टक्के वाढलं. ही वाढ खरी आहे. माणसं आली कुठून, तर काही ओहायोच्याच ओस पडत चाललेल्या छोट्या गावांतून, काही ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला येऊन इथेच राहिलेली, आणि बरीचशी परदेशातून. सोमाली लोकांची इथली वस्ती अमेरिकेत मिनियापोलिसच्या खालोखाल मानली जाते. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळी तर इथे हजारोंनी आहेत. त्यांच्या किराणा दुकानांत मोहरीचं तेल, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी) आणि आपली तूरडाळ एकाच फळीवर मिळते. आपली मंडळी बहुतेक डब्लिन, पॉवेल, लुईस सेंटर या उपनगरांकडे.

आता नोकऱ्या. तू इंटेलच्या इथल्या चिप कारखान्याची बातमी पाठवलीस ती जुनी आहे, बाई. जानेवारी २०२२ मध्ये घोषणा झाली: २० अब्ज डॉलर, ३,००० नोकऱ्या, २०२५ मध्ये चिप बनायला सुरुवात. सप्टेंबरमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष बायडन भूमिपूजनाला आले. आसपासच्या जमिनींचे भाव तेव्हाच चढले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने सांगितलं की पहिला कारखाना २०३० च्या आत काही पुरा होत नाही. मी त्या बाजूला, न्यू ऑल्बनीकडे जातो तेव्हा क्रेन दिसतात, रस्ते रुंद झालेत, आणि वाटेत गूगल, मेटा, अ‍ॅमेझॉनची डेटा सेंटर. एकेक भिंत संपता संपत नाही, आणि पार्किंगमध्ये गाड्या मोजक्याच. गुंतवणूक अब्जावधींची असली तरी आत माणसं थोडीच लागतात. घोषणेतल्या नोकऱ्या आणि पगारपत्रकावरच्या नोकऱ्या यांत हा फरक धरूनच बातमी वाचत जा.

मग हे शहर चालतं कशावर? राज्याची राजधानी, विद्यापीठ आणि त्याचं मोठं हॉस्पिटल, नेशनवाइड इन्शुरन्स, चेस आणि हंटिंग्टन बँक, औषधवाटपातली कार्डिनल हेल्थ, मेरीसव्हिलला १९८२ पासून गाड्या बनवणारी होंडा. कंटाळवाणी यादी आहे ना? मला तीच आवडते. एका धंद्याला ताप आला तरी अख्खं गाव अंथरुणाला खिळत नाही.

तुझ्यासाठी हे जास्तच महत्त्वाचं. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर, बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात, स्टेम एक्स्टेंशन (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची मुदतवाढ) मिळाल्यावर सगळे मिळून १५०. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलीस की नोकरी सुटल्यापासून फार तर ६०. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, त्याने तुझ्या व्हिसासाठी पिटिशन (अर्ज) फाइल करायचं, आणि घराचं लीज तर चालूच. म्हणून शहर निवडताना पहिली ऑफर बाजूला ठेव आणि दुसरी नोकरी याच गावात कुठे मिळेल ते शोध. यूएससीआयएसच्या (इमिग्रेशन खात्याच्या) एच-वन-बी डेटा हबवर कुठल्या शहरात कुठल्या कंपनीची किती पिटिशनं मंजूर झाली ते फुकट दिसतं. लेबर डिपार्टमेंटच्या एलसीए फायलींत, म्हणजे कंपन्या पिटिशनआधी भरतात त्या अर्जांत, पदनाम आणि पगारही असतो. तुझ्या कामाची दहा-बारा नावं तिथे निघाली तर ये. दोनच निघाली, तर लोकसंख्या कितीही वाढो, तुझ्या दृष्टीने ते खेडंच.

बेरोजगारीचा दर बघून हुरळू नकोस. लोकांनी काम शोधणंच सोडलं तरी तो खाली येतो. त्यापेक्षा बीएलएस या सरकारी कामगार-आकडेवारी खात्याचे मेट्रोचे क्षेत्रवार पगारी नोकऱ्यांचे आकडे बघ, आणि तेही वर्षभराचे. महिन्याचे आकडे मागाहून सुधारले जातात.

पैशाचं थोडक्यात. कोलंबसमध्ये काम केलंस तर फेडरल आणि राज्याच्या टॅक्सवर शहराचा अडीच टक्के इन्कम टॅक्स, तोही जवळपास सगळ्या पगारावर. भाडं बॉस्टनपेक्षा बरंच कमी आहे, पण पूर्वीसारखं स्वस्त राहिलेलं नाही. आणि गाडी लागेलच, ती बजेटमध्ये धर. १९७९ पासून इथे एकही प्रवासी रेल्वे येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी जलद बससाठी विक्रीकर वाढवून घ्यायला मत दिलं, पण त्या मार्गांना वेळ लागेल.

ऑफर हातात आली की सही करण्याआधी कंपन्यांची ती यादी मला पाठव, मिळून बघू. आणि शहर बघायला यायचंच तर फेब्रुवारीत ये. मे महिन्यात हे गाव सगळ्यांनाच आवडतं. विमानतळावर मी घ्यायला येईन.

तुझा,
काका

ता. क. आईला टॅक्सचं सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल.