फोल्डर नंतर बघा, आधी पत्ता ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे की पुण्यातल्या ट्रेक ग्रुपसाठी पीएचपीबीबी (ऑनलाइन चर्चेच्या फोरमचं सॉफ्टवेअर) टाकायचंय, शेअर्ड होस्टिंग आहे (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), सीपॅनलच्या, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पॅनलच्या, फाइल मॅनेजरमध्ये पब्लिक एचटीएमएल, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, पब्लिक एफटीपी, मेल, ईटीसी असे बरेच फोल्डर दिसतायत, त्यात ग्रुपचा वर्डप्रेस ब्लॉग त्याच डोमेनवर आधीपासून चालू आहे, तर पीएचपीबीबीची झिप नेमकी उघडायची कुठे.

फोल्डर ठरवायच्या आधी पत्ता ठरवा राव, म्हणजे लोक ब्राउझरमध्ये काय टाकून येणार ते. राजगडाच्या गुंजवणे वाटेवर कोणी नीट लिहिलं की ती लिंक पावसाळा आला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर फिरणार, आणि मधेच तुम्ही फोरम दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की त्या सगळ्या लिंका मेल्या. ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप पाठवणारा नियम) लावता येतो, पण तो मग कायमचा सांभाळत बसावा लागतो.

तुमच्या केसमध्ये ब्लॉग पब्लिक एचटीएमएलमध्ये थेट बसलाय, म्हणून फोरम तिथेच मोकळा सोडू नका, दोघांची इंडेक्स फाइल एकाच नावाची आहे, एकाने दुसऱ्याची पुसली की ब्लॉग गेला. पब्लिक एचटीएमएलच्या आत एक नवीन फोल्डर करा, समजा फोरम नावाचा, आणि त्यात टाका. वर्डप्रेसचे रीराइट नियम (आलेला पत्ता योग्य पानाकडे वळवणारे) खरोखर अस्तित्वात असलेल्या फोल्डरला हात लावत नाहीत, त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी नीट चालतात, फक्त ब्लॉगवर त्याच नावाचं पेज नाही ना ते बघून घ्या, असेल तर ते दिसायचं बंद होईल. सबडोमेन (डोमेनच्या आधी फोरम आणि टिंब लावलेला पत्ता) हवं असेल तर तेही चांगलंच, मात्र सीपॅनल त्याचा डॉक्युमेंट रूट, म्हणजे त्या पत्त्याच्या फाइली जिथून वाचल्या जातात तो फोल्डर, कुठला दाखवतंय ते वाचा आणि फाइली तिथेच टाका, अंदाजाने नको.

नाव छोटं, इंग्रजी लिपीत आणि सगळं स्मॉल लेटर्समध्ये ठेवा. लिनक्सवर, म्हणजे तुमचा सर्व्हर चालतो त्या सिस्टिमवर, कॅपिटल एफ आणि स्मॉल एफ हे दोन वेगळे फोल्डर असतात. मराठीत ‘चर्चा’ नाव द्यावंसं मलाही वाटतं, पण लिंक कॉपी केली की बऱ्याचदा त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि ती कोणाला वाचता येत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू फोल्डरबद्दल नीट समजून घ्या कारण इथेच घोळ होतो. ती वेगळी जागा नाहीये, पब्लिक एचटीएमएलकडे जाणारी सिमलिंक, म्हणजे एक प्रकारचा शॉर्टकट आहे, म्हणून दोन्हीकडे त्याच फाइली दिसतात, डुप्लिकेट समजून एकीकडून उडवल्या की दुसरीकडूनही गेल्या. पब्लिक एफटीपी, मेल, ईटीसी यांचा वेबसाइटशी संबंध नाही, हात लावू नका.

आता झिप. उघडली की आत अजून एक पीएचपीबीबी३ नावाचा फोल्डर निघतो, तो तसाच ठेवला तर पत्त्यात फोरम आणि मग पीएचपीबीबी३ असं दुहेरी शेपूट येतं. आतल्या फाइली एक पायरी वर आणा, पण त्याआधी फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये हिडन फाइल्स दाखवा हा पर्याय चालू करा, नाहीतर डॉट एचटीॲक्सेस (सर्व्हरसाठीच्या सूचनांची लपलेली फाइल) मागेच राहते. इन्स्टॉलर चालवायच्या आधी त्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवून ब्राउझरमध्ये उघडून बघा, उघडली तर जागा बरोबर आहे, मग ती काढून टाका.

इन्स्टॉल झालं की इन्स्टॉल नावाचा फोल्डर डिलीट करायचा, तो असेपर्यंत मेंबर लोकांना फोरम बंदच दिसतो. कॅशे, स्टोअर, फाइल्स आणि अवतार अपलोडचा फोल्डर हे लिहिता येण्यासारखे हवेत, शेअर्ड होस्टिंगवर पीएचपी बहुतेक तुमच्याच युजरने चालतं म्हणून ७५५ परमिशन (फक्त मालकाला लिहिता येतं) पुरतं, इंटरनेटवर कोणी ७७७ (कोणालाही लिहिता येतं) सांगितलं तर ऐकू नका. आणि कळकळीने सांगतो, डेटाबेसचा बॅकअप पब्लिक एचटीएमएलच्या आत ठेवू नका, फाइलचं नाव ओळखलं की कोणीही डाउनलोड करतो आणि त्यात सगळ्या मेंबरांचे ईमेल असतात. होम डिरेक्टरीत, पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर ठेवा.

पुढे कधी व्हीपीएस (स्वतःचा वेगळा व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलात तर उबुंटू या लिनक्सवर अपाचे या वेब सर्व्हरची जागा व्हार, त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, त्यात एचटीएमएल अशी असते, प्लेस्क या सीपॅनलसारख्या पॅनलवर तिचं नाव एचटीटीपीडॉक्स. तिथे होम फोल्डरमध्ये फाइली टाकून ४०३ एरर (प्रवेश नाकारला) आली तर घाबरू नका, उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचं होम ७५० परमिशनने बनतं, वेब सर्व्हरला आत शिरताच येत नाही. पीएचपीबीबीऐवजी फ्लॅरम या दुसऱ्या फोरम सॉफ्टवेअरचा विचार करत असाल तर डॉक्युमेंट रूट त्याच्या आतल्या पब्लिक फोल्डरवर लावायचा असतो, आणि डिस्कोर्स हे तिसरं तुमच्या शेअर्ड होस्टिंगवर चालणारच नाही, त्याला डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारी यंत्रणा) लागतं.

टेक्स्ट फाइल उघडली नाही तर सीपॅनलमधलं डोमेन्सचं पान उघडा, तिथे डोमेनसमोर डॉक्युमेंट रूट लिहिलेला असतो, तो इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.